चौकटीची रेघ आणि तिची जागा

कन्सोलच्या पडद्यावर मजकुराभोवती दिसणारी चौकट अक्षरांनी बनलेली असते. कन्सोलचा पडदा म्हणजे घरे आखलेला तक्ता. बहुतेक यंत्रांवर एका ओळीत ८० घरे आणि अशा २४ किंवा २५ ओळी असत. एका घरात एकच अक्षर बसते आणि यंत्राला ते अक्षर केवळ एका क्रमांकाने ठाऊक असते. मधल्या कुठल्याही बिंदूवर प्रोग्रॅमला शाई सोडता येत नाही. त्यामुळे आडवी रेघ हवी असेल तर आडव्या रेघेचे एक ‘अक्षर’ लागते, कोपरा हवा असेल तर कोपऱ्याचे लागते, आणि त्या प्रत्येकाला अक्षरांच्या तक्त्यात एक क्रमांक द्यावा लागतो. तक्ता लहान होता आणि जागा मागणारे पुष्कळ होते. ती जागा रेघेने कशी मिळवली, त्यासाठी कोणाची अक्षरे बाजूला सरली आणि पुढे हा वाद कसा मिटला, हाच कन्सोलवरच्या चौकटींचा इतिहास आहे.

पडदे येण्याआधी संगणकाचे उत्तर कागदावर छापून येई. आयबीएमचा १४०३ हा लाइन प्रिंटर १९५९ सालचा. तो एका ओळीत १३२ अक्षरे छापे आणि त्याच्या छपाईच्या साखळीवर रेघेचा खिळा नसे. म्हणून शीर्षकाभोवती फुल्यांची, म्हणजे * या चिन्हाची, रांग छापण्याची पद्धत पडली. प्रोग्रॅममधल्या टिपांभोवती फुल्यांची चौकट काढण्याची सवय आजही दिसते, ती त्याच काळातली. १९६३ साली आस्की ही ७ बिटांची, १२८ जागांची संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत लहान लिपीतली इंग्रजी अक्षरे नव्हती, आणि उभी रेघही नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली, तीही मधोमध तुटलेली. १९७७ च्या आवृत्तीने तिला अखंड केले, तरी कित्येक कळफलकांवर ती अजून तुटलेलीच छापली जाते.

उभी रेघ मिळाल्यावर +, - आणि | या तीन चिन्हांची चौकट शक्य झाली. कोपऱ्यावर अधिक, आडवे वजा, उभी दांडी. ही चौकट कुठल्याही यंत्रावर चालते, हा तिचा मोठा गुण. तिचा दोष अक्षरांच्या घडणीत आहे. कागदावर आडव्या इंचात १० अक्षरे आणि उभ्या इंचात ६ ओळी बसत, म्हणजे घर रुंदीपेक्षा उंचीला बरेच जास्त. शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून खिळ्याभोवती थोडी मोकळी जागा सोडलेली असते. वाचनाला ती आवश्यक आहे, पण रेघेला ती मारक ठरते. दोन ओळींमधल्या दांड्या भेटत नाहीत, वजाचिन्हांची रांग ठिपक्यांसारखी दिसते आणि कोपरा उघडा राहतो. जोडलेली रेघ हवी असेल तर घराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे चिन्ह हवे. आस्कीत असे एकही चिन्ह नव्हते.

१९७७ साली आलेल्या कमोडोर पेट या घरगुती संगणकाने ती उणीव भरून काढली. चक पेडल आणि लिओनार्ड ट्रॅमिएल यांनी आखलेल्या त्याच्या अक्षरसंचात रेघा, कोपरे, गोलाई, पत्त्यांची चिन्हे असे सगळे होते, आणि ती चिन्हे कळांवरच छापलेली असत. मात्र हा संच कमोडोरच्या यंत्रांपुरताच राहिला.

कार्यालयांत आणि विद्यापीठांत खरा परिणाम केला तो डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी१०० या टर्मिनलने. ते १९७८ साली आले. तक्त्यात नवी जागा न मागता त्याने जुन्याच जागांना दुसरा अर्थ दिला. एस्केप, उघडा कंस आणि शून्य असा तीन चिन्हांचा संकेत पाठवला की टर्मिनल ‘विशेष रेखाचिन्हां’च्या संचावर जाई. त्यानंतर लहान लिपीतला ‘क्यू’ आला की आडवी रेघ उमटे, ‘एक्स’ आला की उभी. ‘एल’, ‘के’, ‘एम’ आणि ‘जे’ यांचे चार कोपरे होत आणि ‘एन’चा चौक. काम झाले की दुसरा संकेत पाठवून नेहमीच्या अक्षरांवर परतायचे. रेघेला भाड्याची जागा मिळाली, असे या योजनेबद्दल म्हणता येईल.

भाड्याच्या जागेची अडचणही होती. परतीचा संकेत वाटेत हरवला, किंवा टर्मिनलला ही भाषा कळत नसली, तर चौकटीच्या जागी ‘एल क्यू क्यू क्यू के’ अशी अक्षरांची रांग दिसे. उलट, चुकून एखादी बायनरी फाइल पडद्यावर ओतली गेली आणि तिच्यात संच बदलणारा बाईट निघाला, तर त्यापुढचा सगळा मजकूर, प्रॉम्प्टसकट, रेघा आणि कोपऱ्यांत बदलून जाई. युनिक्सवर काम करणाऱ्या अनेक पिढ्यांनी हा प्रकार पाहिला आहे. आंधळेपणाने ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबणे हाच त्यावरचा उपाय.

टर्मिनले अनेक कंपन्यांची, प्रत्येकाचे संकेत वेगळे. प्रत्येक प्रोग्रॅमरने ते पाठ करणे अशक्य होते. बर्कली येथे केन अरनॉल्ड यांनी १९८० च्या सुमारास ‘कर्सेस’ नावाची लायब्ररी लिहिली. कोणत्या टर्मिनलला काय कळते याची नोंद एका फाइलमध्ये, आणि प्रोग्रॅमने फक्त ‘चौकट काढ’ एवढे सांगायचे. ‘रोग’ या भुयारांच्या खेळातल्या खोल्यांच्या भिंती याच लायब्ररीने वजाचिन्हे आणि दांड्या वापरून उभ्या केल्या. पुढे सिस्टिम फाइव्हच्या कर्सेसमध्ये आणि १९९३ पासूनच्या एन-कर्सेसमध्ये कोपऱ्यांना आणि सांध्यांना स्वतंत्र नावे मिळाली. टर्मिनलकडे खरी रेघ असेल तर ती वापरायची, नसेल तर निमूटपणे +, - आणि | वर यायचे. हा निर्णय लायब्ररी घेते, प्रोग्रॅमरला घ्यावा लागत नाही. इतक्या वर्षांत ती व्यवस्था बदलावी लागलेली नाही, यातच तिची योग्यता दिसते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. तो ८ बिटांचा अक्षरसंच वापरत होता, म्हणजे तक्त्यात २५६ जागा. पहिल्या १२८ आस्कीच्या. उरलेल्या १२८ जागांत काय भरायचे हे ठरवायला मोकळीक होती. यंत्राचा बायोस लिहिणारे डेव्हिड ब्रॅडली यांनी नंतर सांगितले की हा निर्णय सिएटलहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात, चार तासांच्या बैठकीत झाला. ब्रॅडली, मुख्य अभियंता लू एगेब्रेक्ट आणि व्हिडिओ कार्डाची जबाबदारी असलेले अँडी सायन्झ असे तिघे होते. तिथे ठरलेला तक्ता पुढे ‘कोडपेज ४३७’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात १७६ ते २२३ या सलग ४८ जागा रेघांना आणि ठोकळ्यांना दिल्या गेल्या, म्हणजे वरच्या अर्ध्यातल्या तीन अष्टमांश.

या ४८ पैकी ४० जागा निव्वळ रेघांच्या आहेत, आणि हा आकडा ओढूनताणून आणलेला नाही. रेघ दोन प्रकारची, एकेरी आणि दुहेरी. चार कोपरे, चार तिठे आणि एक चौक असे नऊ सांधे. प्रत्येक सांध्यात आडवी रेघ एकेरी किंवा दुहेरी, उभीही तशीच, म्हणून प्रत्येकाची चार रूपे. नऊ चोक छत्तीस. त्यात सरळ आडव्या रेघेची दोन आणि उभीची दोन मिळवली की ४० पूर्ण. एकेरी आणि दुहेरी रेघांची कुठलीही भेट घडली तरी तिच्यासाठी चिन्ह तयार आहे, अशी ही संपूर्ण मांडणी होती. चार तासांत हे सुचले असेल तर त्या तिघांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

तक्त्यातला त्यांचा क्रम मात्र पहिल्या नजरेला विस्कटलेला वाटतो. एकेरी चौकटीचे चार कोपरे २१८, १९१, १९२ आणि २१७ या क्रमांकांवर विखुरलेले आहेत. आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डाची रचना पाहिली की क्रमाचा अर्थ लागतो. त्या कार्डावर अक्षराचा ठसा ८ बिंदू रुंद, पण घर ९ बिंदू रुंद. नववा स्तंभ कोरा ठेवला की अक्षरे सुटी आणि वाचनीय दिसतात. पण त्याच कोऱ्या स्तंभाने आडवी रेघ प्रत्येक घरापाशी तुटली असती. म्हणून कार्डात एक नियम बसवला. क्रमांक १९२ ते २२३ च्या दरम्यान असेल तर आठव्या स्तंभातले बिंदू नवव्यातही उमटवायचे. हे ३२ क्रमांक द्विमान पद्धतीत लिहिले तर सगळ्यांची सुरुवात ११० ने होते. सर्किटला फक्त तीन बिट तपासावे लागतात. आता तक्ता पुन्हा पाहावा. १७९ ते १९१ या तेरा जागांवर जी चिन्हे आहेत त्यांतल्या एकाचीही भुजा उजवीकडे जात नाही. उजवीकडे भुजा असलेले प्रत्येक चिन्ह १९२ पासून पुढे आहे. २१७ चा कोपरा तेवढा उजव्या भुजेशिवाय पलीकडे गेला आहे, पण त्याचा आठवा स्तंभ कोराच असल्याने नववाही कोरा राहतो. १९८७ च्या व्हीजीए कार्डानेही हाच नियम चालू ठेवला.

या रेघा वापरणे स्वस्त होते, आणि त्यांच्या प्रसाराचे खरे कारण हेच. ८० गुणिले २५ म्हणजे २,००० घरे. प्रत्येक घराला एक बाईट अक्षराचा आणि एक रंगाचा, असे सगळ्या पडद्याचे मिळून ४,००० बाईट. तोच पडदा ६४० गुणिले २०० बिंदूंच्या चित्रासारखा ठेवायचा तर केवळ दोन रंगांत १६,००० बाईट लागत. ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ४,००० बाईट हलवणे झेपत होते. मजकुरावर एक चौकट उघडायची, तिच्याखालची अक्षरे बाजूला जपून ठेवायची आणि चौकट मिटली की परत जागेवर आणायची, हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होई. माऊस आणि चित्रमय पडदे घरोघरी पोचण्याआधी लोकांना ‘विंडो’ म्हणजे काय ते अशा चौकटींनी शिकवले.

बोरलँडचे साइडकिक १९८४ साली आले. दुसरा प्रोग्रॅम चालू असताना कळ दाबताच त्याची चौकट वर उमटे. जॉन सोचा यांचा १९८६ चा नॉर्टन कमांडर दुहेरी रेघांच्या दोन फलकांवर उभा होता. १९९० साली टर्बो पास्कल ६.० बरोबर आलेल्या टर्बो व्हिजनने एक शिष्टाचारच घालून दिला. जी चौकट चालू तिला दुहेरी रेघ, मागे पडलेल्यांना एकेरी, आणि उजवीकडे व खाली सावली. डीबेस थ्री प्लस आणि नंतर फॉक्सप्रो यांत तर दोन टोकांचे ओळ-रकाने देऊन ‘डबल’ हा एक शब्द जोडला की दुहेरी चौकट उमटे. हाताने काढायची असेल तर ऑल्ट कळ दाबून क्रमांक टाइप करायचा. २०१, २०५, १८७, १८६, २००, २०५, १८८ हे आकडे त्या काळच्या प्रोग्रॅमरांना तोंडपाठ असत. त्यातून उमटे ती ही चौकट:

╔══════╗
║      ║
╚══════╝

कष्टाचे काम सांध्यांचे होते. तक्त्याच्या मधून नवी रेघ न्यायची, तर ती जिथे जुन्या रेघेला भेटेल तिथे आधी काय आहे हे पडद्यावरून वाचावे लागे, त्याच्या भुजा ओळखाव्या लागत, त्यात नव्या रेघेच्या भुजा मिळवाव्या लागत आणि मग चाळिसांतले नेमके चिन्ह ठेवावे लागे. हे न करता रेघेवर रेघ ओढली की चौक मोडून फट पडे.

एवढ्या जागा रेघांना दिल्यावर अक्षरांना काय उरले, हा प्रश्न अमेरिकेबाहेर लगेच उभा राहिला. ४३७ च्या तक्त्यात पश्चिम युरोपातल्या सगळ्या भाषांची अक्षरेसुद्धा मावत नव्हती. १९८७ साली डॉस ३.३ बरोबर कोडपेजे बदलण्याची सोय आली आणि ८५० क्रमांकाच्या कोडपेजने एकेरी-दुहेरी मिसळीचे अठराही सांधे काढून त्यांच्या जागी अक्षरे बसवली. ४० पैकी २२ रेघा उरल्या. निव्वळ एकेरी किंवा निव्वळ दुहेरी चौकटी सुखरूप राहिल्या. दुहेरी चौकटीच्या आत एकेरी रेघ असलेले प्रोग्रॅम मात्र सांध्याच्या ठिकाणी डोक्यावर चिन्ह असलेला ‘ए’ दाखवू लागले.

रशियनांनी उलटा मार्ग धरला. तिथल्या प्रमाणित मांडणीत सिरिलिक अक्षरे १७६ पासून सलग लावली होती. म्हणजे नेमकी आयबीएमच्या रेघांवर. बाहेरून आलेले प्रोग्रॅम तिच्यावर चालवले की चौकटींच्या जागी अक्षरे दिसत. त्यामुळे व्यवहारात जिंकली ती ‘पर्यायी’ मांडणी, जी पुढे कोडपेज ८६६ झाली. तिने १७६ ते २२३ या जागांना हात लावला नाही आणि लहान सिरिलिक अक्षरांची माळच मधून तोडली. पहिली सोळा १६० ते १७५ वर, उरलेली २२४ पासून पुढे. वर्णमाला तुटली, पण चौकटी टिकल्या.

भारतात हा पेच अधिक तीव्र होता. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून प्रमाणित केली. तिच्यात अक्षरे १६१ ते २५० या जागांवर होती. त्या तक्त्यात ‘क’ १७९ वर येतो, आणि आयबीएमच्या तक्त्यात १७९ म्हणजे एकेरी उभी रेघ. आडवी एकेरी रेघ १९६ वर, तिथे ‘द’. दुहेरी चौकटीचा डावा वरचा कोपरा २०१ म्हणजे ‘फ’, आडवी रेघ २०५ म्हणजे ‘य’, उजवा कोपरा १८७ म्हणजे ‘झ’. ‘क’ पासून ‘ह’ पर्यंतची सगळी व्यंजने रेघांच्या ४८ जागांतच पडत होती. दुहेरी चौकटीची वरची कड इस्की समजून वाचली तर ‘फययययझ’ अशी उमटली असती.

आयआयटी कानपूरमधल्या कामातून पुढे आलेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने कार्डाच्या रूपात आणले. इंग्रजीसाठी लिहिलेले डीबेससारखे अक्षरांवर चालणारे प्रोग्रॅम जसेच्या तसे ठेवून त्यांत देवनागरी व इतर भारतीय लिप्या भरता याव्यात, हा जिस्ट कार्डाचा उद्देश होता. ते प्रोग्रॅम पावलोपावली चौकटी काढत. म्हणून आयबीएम जातीच्या यंत्रांसाठी ‘पीसी-इस्की’ ही वेगळी मांडणी ठेवावी लागली. तिने रेघांच्या जागा सोडल्या आणि अक्षरे त्यांच्या दोन्ही बाजूंना वाटली. वरच्या १२८ जागांतून ४८ वजा केल्या की ८० उरतात. एका संपूर्ण लिपीला तेवढ्यात बसवणे ही कसोटीच होती. मराठीत पगारपत्रक छापणाऱ्या कारकुनाला यातले काही दिसत नव्हते, पण रेघ आणि ‘क’ एकाच पडद्यावर नांदत होते ते या वाटणीमुळे.

विंडोज आल्यावर चौकट बिंदूंनी काढली जाऊ लागली आणि रेघेच्या अक्षराची गरजच संपल्यासारखी झाली. विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या पश्चिम युरोपीय कोडपेजमध्ये चौकटीची एकही रेघ नव्हती. डॉसमध्ये तयार केलेला तक्ता नोटपॅडमध्ये उघडला की दुहेरी रेघेच्या जागी आघातचिन्ह असलेल्या ‘आय’ची आणि एकेरीच्या जागी दोन टिंबांच्या ‘ए’ची रांग दिसे.

जागेचा वाद कायमचा मिटवला तो युनिकोडने. ऑक्टोबर १९९१ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच चौकटीच्या रेघांना १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. त्यात आयबीएमच्या चाळीसही रेघा आल्या. चीनच्या १९८० च्या मानकात ७६, जपानच्या १९८३ च्या मानकात ३२ आणि कोरियाच्या १९८७ च्या मानकात ६८ रेखाचिन्हे होती. त्यांच्यातून बारीक-जाड आणि तुटक रेघा आल्या. बारीक आणि जाड भुजांचे सगळे मेळ घेतले की कोपऱ्यांची १६, तिठ्यांची ३२ आणि चौकांची १६ रूपे होतात. म्हणजे ६४, गटाचा बरोबर अर्धा भाग. गोल कोपरेही त्यात आहेत. उभ्या रेघेचा क्रमांक २५०२ झाला आणि ‘क’चा ०९१५. दोघांची गाठ आता पडत नाही.

१९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी युनिकोड बाईटांत लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत आखली, आणि पुढच्या दशकात लिनक्सवरची टर्मिनले तिच्यावर आली. रेघ आता तीन बाईट घेते. टर्मिनलचा पडदा चित्रमय झाला असला तरी जोडाचा प्रश्न शिल्लक होता. फॉन्टमधली रेघ घरापेक्षा एखाद्या बिंदूने आखूड पडली तरी फट दिसते. त्यामुळे किटी, अलाक्रिटी आणि विंडोज टर्मिनल या आजच्या टर्मिनलांत ही चिन्हे फॉन्टमधून न घेता घराच्या मापाने जागीच काढण्याची सोय आहे. १९८१ च्या कार्डातल्या नवव्या स्तंभाचेच हे काम, आता सॉफ्टवेअरमध्ये. एसक्यूलाइट या डेटाबेसने २०२० साली उत्तरे खऱ्या रेघांच्या तक्त्यात दाखवण्याची सोय दिली. मायएसक्यूएल अजून +, - आणि | वरच आहे.

उरला आहे तो रुंदीचा प्रश्न. उजवी कड सरळ यायची तर आतल्या मजकुराने किती घरे व्यापली हे प्रोग्रॅमला नेमके कळावे लागते. इंग्रजीत बाईट, अक्षरे आणि घरे यांची संख्या एकच. देवनागरीत तिन्ही वेगळ्या. ‘मुंबई’ या शब्दात १५ बाईट, ५ युनिकोड चिन्हे आणि डोळ्यांना दिसणारी ३ अक्षरे. उकार आणि अनुस्वार जागा घेत नाहीत, असे बहुतेक लायब्रऱ्या मानतात, म्हणून इथे उत्तर ३ येते आणि कड जुळते. ‘सातारा’मध्येही दिसणारी अक्षरे ३ आहेत, पण काना स्वतःची जागा घेणारे चिन्ह मानला जात असल्याने तीच मोजणी ६ घरे सांगते. काही टर्मिनले संपूर्ण अक्षर एकत्र मोजतात, काही चिन्हे सुटी मोजतात, आणि जोडाक्षरांबद्दल तर एकमत आणखी कमी. प्रोग्रॅमने एक मोजणी केली आणि टर्मिनलने दुसरी, तर चौकटीच्या त्या ओळीतली दांडी आत किंवा बाहेर सरकते. मुंबई, पुणे, सातारा आणि कोल्हापूर ही चार नावे एका चौकटीत लिहिली, तर उजवी रेघ कुठे पडेल हे आजही टर्मिनलागणिक बदलते.